साठच्या दशकातल्या चित्रपटातला एक प्रसंग नीट कसा पाहावा

डोंगराच्या उभ्या चढावर एक बाई खांद्यावर कावड घेऊन चढते आहे. दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या आहेत. दर पावलाला कावडीचा दांडा लवतो आणि त्या लवण्याच्या तालावरच तिला पुढचे पाऊल उचलावे लागते. एका ठिकाणी तिचा तोल जातो, एक बादली कलंडते आणि पाणी कोरड्या मातीत बघता बघता जिरून जाते. नवरा जवळ येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. ती पडते, उठते आणि थोड्या वेळाने दोघेही पुन्हा कामाला लागतात. या सगळ्यात कोणी एक शब्दही बोलत नाही. जपानी दिग्दर्शक कानेतो शिन्दो यांच्या १९६० सालच्या ‘द नेकेड आयलंड’ या चित्रपटातला हा प्रसंग आहे आणि संपूर्ण चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच.

या प्रसंगाचा तुकडा आज कोणालाही मोबाइलवर मिळू शकतो. तेवढाच पाहिला, तर नवरा क्रूर आहे, यापलीकडे काही हाती लागत नाही. चित्रपट सुरुवातीपासून पाहणाऱ्याला मात्र तोवर पुष्कळ काही कळलेले असते. त्या लहानशा बेटावर गोडे पाणी नाही, ते शेजारच्या बेटावरून होडीने आणावे लागते, होडी वल्हवून झाली की चढण सुरू होते आणि माथ्यावरच्या शेतात एकेका रोपाला ओगराळ्याने मोजून पाणी घालावे लागते. ती वाट आपण त्या दोघांबरोबर इतक्या वेळा चढलेलो असतो की एका बादलीची किंमत आपल्याच खांद्यांना कळलेली असते. पुढे त्यांचा थोरला मुलगा तापाने दगावतो. डॉक्टर येतो, पण फार उशिरा. मुलाला पुरल्यानंतर तीच बाई त्याच शेतात पाण्याची बादली मुद्दाम उपडी करते, रोपे उपटून भिरकावते आणि मातीवर पालथी पडून रडते. नवरा उभा राहून पाहत राहतो. या वेळी तो हात उगारत नाही. काही वेळाने तो मुकाट्याने रोपांना पाणी घालू लागतो, मग ती उठते आणि तीही पाणी घालू लागते. पहिल्या प्रसंगातली थप्पड ही या दुसऱ्या प्रसंगात न मारलेल्या थपडेसाठीच होती, असे माझे ठाम मत आहे.

साठच्या दशकातल्या जगभरच्या चित्रपटांतले जे प्रसंग लोकांच्या मनात घर करून राहिले आहेत, त्यांतले बहुतेक असेच बांधलेले आहेत. ते आपापल्या चित्रपटातल्या आधीच्या आणि नंतरच्या कशाशी तरी घट्ट जोडलेले असतात, आणि तो सांधा सापडला की मगच प्रसंग पुरता दिसतो. तो सांधा कसा शोधावा, याची एक पद्धत मी गेली काही वर्षे वापरत आलो आहे. तिला चित्रपटशास्त्राचे शिक्षण लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि तोच चित्रपट पुन्हा पाहण्याची तयारी एवढे पुरते.

आधी पाहण्याची तयारी करावी. खोलीत अंधार असावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. हल्लीच्या दूरचित्रवाणी संचांत हालचाल गुळगुळीत दाखवणारी एक सोय आपोआप चालू असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, कारण हे चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगासाठी घडवलेले आहेत आणि संचाने मध्ये स्वतःच्या चौकटी भरल्या की त्या हालचालीतला कस जातो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्राची मापे. इंगमार बर्गमन यांचा ‘पर्सोना’ जवळजवळ चौरस चौकटीचा आहे, त्यामुळे पडद्याच्या डाव्याउजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात; सेर्जिओ लिओने यांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ रुंद चौकटीचा आहे, तेव्हा पट्ट्या वर आणि खाली येतात. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र ताणले तर माणसे रुंदावतात आणि कडा कापल्या तर माणसेच नाहीशी होतात. लिओने यांचा एक चित्रपट मी पहिल्यांदा कडा कापलेल्या प्रतीत पाहिला होता. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांपैकी एक जण चौकटीबाहेर राहिला होता आणि दुसरा कोणाकडे रोखून पाहतो आहे, हेच मला कळत नव्हते.

पहिल्यांदा चित्रपट सलग, न थांबता आणि शेवटपर्यंत पाहावा. या वेळी वही मिटलेली असावी. ज्या प्रसंगासाठी आपण तो चित्रपट लावला आहे, तो किती वाजून किती मिनिटांनी आला, एवढेच लक्षात ठेवावे. प्रसंगाची जागा ही त्याच्या ताकदीचा मोठा भाग असते आणि ती घड्याळावरच कळते.

अकिरा कुरोसावा यांच्या १९६३ सालच्या ‘हाय अँड लो’मधला गुलाबी धूर हे याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. योकोहामा शहरात टेकडीवर राहणाऱ्या गोन्दो नावाच्या बूट कंपनीतल्या अधिकाऱ्याच्या मुलाला पळवण्याचा बेत होतो, पण चुकून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो. खंडणी मात्र गोन्दोकडेच मागितली जाते. खंडणी द्यावी तर स्वतःचे दिवाळे निघते, न द्यावी तर दुसऱ्याचे पोर मरते. जवळजवळ पहिला तासभर चित्रपट त्या घराच्या दिवाणखान्यातच राहतो. रुंद चौकटीत पोलीस, बायको, ड्रायव्हर आणि गोन्दो वेगवेगळ्या अंतरांवर उभे असतात, खालून कोणी पाहत असेल म्हणून खिडकीचे पडदे ओढले जातात, आणि बाहेरचे शहर आपल्याला जेमतेम दिसते. मग एकदम धडधडत जाणारी आगगाडी येते. तिथे गाडीच्या खिडकीच्या सात सेंटिमीटरच्या फटीतून पैशांच्या पिशव्या बाहेर टाकायच्या असतात. पोलिसांनी त्या पिशव्यांत अशी एक कुपी लपवलेली असते की पिशवी जाळली तर गुलाबी धूर निघावा. त्यानंतर तपास सुरू होतो, उकाड्याने घामाघूम झालेले पोलीस शहरभर फिरतात, आणि चित्रपट सुरू होऊन सुमारे दीड तास झाल्यावर, काळ्यापांढऱ्या छपरांच्या गर्दीत एका धुराड्यातून गुलाबी धुराची रेघ वर चढते. संपूर्ण चित्रपटात रंग एवढाच आहे. दीड तास करड्या छटांना सरावलेल्या डोळ्याला तो केवढा वाटतो, हे त्या प्रसंगाचा तुकडा पाहून कधीच कळणार नाही. इथे वहीत नोंदवायचा प्रश्न साधा आहे: हा प्रसंग पहिल्या पंधरा मिनिटांत आला असता, तर काय उरले असते?

दुसऱ्या दिवशी, शक्यतो चोवीस तासांच्या आत, फक्त निवडलेला प्रसंग आणि त्याच्या आधीची पाच मिनिटे पुन्हा पाहावीत. परभाषेतला चित्रपट असेल तर या वेळी सबटायटल्स बंद ठेवावीत. पहिल्यांदा पाहताना आपले डोळे सतत चौकटीच्या तळाशी धावत असतात आणि चेहरे आपण वाचता वाचता ओझरते पाहिलेले असतात. आता बोलण्याचा आशय माहीत झालेला असतो, तेव्हा डोळे मोकळे होतात. ‘पर्सोना’त (१९६६) तर बर्गमन यांनी हा अभ्यास चित्रपटातच घालून दिला आहे. आल्मा नावाची परिचारिका बोलणे सोडून दिलेल्या एलिझाबेथ या अभिनेत्रीला तिच्या मुलाविषयी एक दीर्घ, निर्दय हकिगत ऐकवते. ती ऐकवताना कॅमेरा सबंध वेळ ऐकणाऱ्या एलिझाबेथच्या, म्हणजे लिव उलमन यांच्या चेहऱ्यावर असतो. बोलणे संपते आणि तेच बोलणे पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू होते; या वेळी कॅमेरा बोलणाऱ्या आल्मावर, म्हणजे बीबी आंडरसन यांच्यावर असतो. अखेरीस दोघींचे अर्धे अर्धे चेहरे जोडून एकच चेहरा तयार होतो. शब्द तेच असताना ऐकणारीच्या ओठांची एक बारीक हालचाल आणि बोलणारीच्या डोळ्यांत दाटत गेलेली भीती अशा दोन वेगळ्या गोष्टी घडतात. स्वेन निकविस्त यांच्या छायालेखनात प्रकाश चेहऱ्याच्या एकाच बाजूवर ठेवलेला आहे, त्यामुळे शेवटचा जोड उघडपणे केलेला असूनही सांधा चटकन सापडत नाही. हा प्रसंग दोनदा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतर आवाज आणि चित्र वेगळे करून पाहायचे आहे. आधी आवाज पूर्ण बंद करून प्रसंग पाहावा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा. हा भाग कंटाळवाणा वाटेल म्हणून अनेक जण टाळतात, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त हाती लागते ते इथेच.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’मधला (१९६०) न्हाणीघरातला खून आवाज बंद करून पाहा. हा प्रसंग चित्रित करायला १९५९ च्या डिसेंबरातला जवळपास एक आठवडा लागला होता, आणि प्रत्यक्ष वार होण्याचा भाग मात्र एक मिनिटही चालत नाही. एवढ्या वेळात चित्रणाचे तुकडे इतक्या भराभर बदलतात की मोजताना बोटे अपुरी पडतात. आवाज नसताना लक्षात येते की चाकू शरीराला लागताना जवळजवळ दिसतच नाही. हात, पाणी, पडदा, तोंड, पुन्हा हात एवढेच दिसते. मग पाठ करून ऐका. बर्नार्ड हरमन यांनी या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्ये वापरली आहेत आणि इथे ती अक्षरशः किंचाळतात. या प्रसंगाला संगीत नको, असे हिचकॉक यांचे आधीचे मत होते. हरमन यांनी रचलेले संगीत ऐकल्यावर त्यांनी ते बदलले. आपल्याला दिसला असे वाटणारा घाव आपण खरे तर ऐकलेला असतो. आणि प्रसंग तिथेच संपला असे मानू नये. नळाचे पाणी चालूच राहते, मोरीच्या भोकात फिरणाऱ्या पाण्यातून चित्र त्या स्त्रीच्या निश्चल डोळ्यात विरघळते आणि त्यानंतर ते लॉज चालवणारा नॉर्मन कितीतरी वेळ, जवळजवळ न बोलता, ती खोली धुऊन पुसून काढतो. मृतदेह ठेवलेली मोटार दलदलीत बुडवताना ती मध्येच अडते, तेव्हा ती बुडावी असे आपल्यालाच वाटून जाते. माझ्या दृष्टीने या चित्रपटातला खरा भयंकर क्षण तो आहे आणि तो बहुतेक तुकड्यांतून वगळलेला असतो.

लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) सुरुवात याच्या अगदी उलट आहे. तीन बंदूकधारी एका उजाड रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत आहेत. पार्श्वसंगीत नाही. वंगण नसलेली पवनचक्की कुरकुरते, एकाच्या दाढीवर माशी घोंगावते आणि तो ती पिस्तुलाच्या नळीत कोंडतो, दुसऱ्याच्या टोपीच्या कडेवर वरून थेंब थेंब पाणी ठिबकते, तिसरा बोटे मोडतो. पाठ करून ऐकले की कळते की हे आवाजच संगीतासारखे रचलेले आहेत: कुरकुर हा धरलेला सूर, थेंब हा ठेका, माशी ही मधली तान. मग गाडी येते, कोणी उतरलेले दिसत नाही, गाडी सुटते आणि तिच्या मागून माउथ ऑर्गनचा एक विव्हळणारा सूर येतो. चित्रपटातले पहिले खरे संगीत तेच, आणि तो वाजवणाऱ्या माणसाकडे तो सूर का आहे, हे शेवटच्या द्वंद्वापर्यंत कळत नाही. म्हणून ही सुरुवात चित्रपट संपल्यावर लगेच पुन्हा ऐकावी.

आवाजाविषयी अजून एक उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जिलो पॉन्तेकोर्वो यांच्या ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’मध्ये (१९६६) फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या तीन अल्जेरियन स्त्रिया आरशासमोर बसून केस कापतात, वेश बदलतात आणि युरोपीय तरुणींसारख्या दिसू लागतात, त्यांना फ्रेंच वस्तीत बॉम्ब ठेवायचे आहेत. त्या वेळी फक्त तालवाद्यांचा चढत जाणारा ठेका असतो. पुढे त्यांतली एक कॅफेमध्ये बसते आणि तिच्या नजरेने कॅमेरा तिथल्या चेहऱ्यांवरून फिरतो: गप्पा मारणारी माणसे, तरुण, आइस्क्रीम चाटणारे एक लहान मूल. हा प्रसंग लोकांना आठवतो तो त्या मुलामुळे. पण सांधा आवाजात आहे. याआधी रात्रीच्या वेळी अल्जेरियन वस्तीत, म्हणजे कसबाहमध्ये, फ्रेंचांच्या बाजूने बॉम्ब ठेवला जातो आणि ढिगाऱ्यातून मुलांचे मृतदेह बाहेर काढताना एक संथ, प्रार्थनेसारखे संगीत वाजते. कॅफेतल्या स्फोटानंतर फ्रेंच मृतांवर वाजते ते तेच संगीत आहे. एन्निओ मॉरिकोने यांच्याबरोबर पॉन्तेकोर्वो स्वतःही या संगीताचे रचनाकार होते, तेव्हा हा निर्णय अजाणता झालेला नाही. वसाहतवादाविरुद्धच्या लढ्याची बाजू उघडपणे घेणाऱ्या चित्रपटाने दोन्हीकडच्या मृतांना एकच शोकगीत दिले आहे. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या हाती कधीच लागणार नाही.

आता वस्तूंचा माग काढावा. प्रसंगात दिसणाऱ्या प्रत्येक ठळक वस्तूचे नाव वहीत लिहावे आणि ती चित्रपटात याआधी कुठे कुठे दिसली होती, ते मागे जाऊन शोधावे. या अभ्यासासाठी मिकेलांजेलो अंतोनिओनी यांच्या ‘लेक्लिसे’चा (१९६२) शेवट उत्तम आहे. व्हिट्टोरिया आणि पिएरो हे प्रेमी संध्याकाळी नेहमीच्या कोपऱ्यावर भेटायचे ठरवतात आणि दोघांपैकी कोणीही येत नाही. रोमच्या एऊर या नव्या वस्तीतला तो कोपरा मात्र कॅमेरा सुमारे सात मिनिटे पाहत राहतो. बांधकाम चालू असलेली, चटयांनी झाकलेली इमारत, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, बाबागाडी ढकलणारी बाई, अण्वस्त्रस्पर्धेची बातमी असलेले वर्तमानपत्र घेऊन बसमधून उतरणारा माणूस, पाण्याने भरलेले पिंप. त्या पिंपात व्हिट्टोरियाने पूर्वी एकदा सहज टाकलेला लाकडाचा तुकडा अजून तरंगतो आहे, पण पिंप गळू लागले आहे आणि पाणी रस्त्याच्या कडेने वाहून चालले आहे. मी यादी केली तेव्हा शेवटच्या सात मिनिटांतल्या कितीतरी वस्तू त्या दोघांच्या आधीच्या भेटींत दिसलेल्या निघाल्या. माणसे वजा करून तीच जागा पुन्हा दाखवली आहे, हे यादीमुळे कळले. त्याआधी तो शेवट मला नुसताच उदास वाटला होता. शेअर बाजारातला एक प्रसंगही इथेच घड्याळ लावून पाहून घ्यावा. मरण पावलेल्या एका सहकाऱ्यासाठी सगळे दलाल मिनिटभर स्तब्ध उभे राहतात, टेलिफोन मात्र वाजतच राहतात, आणि मिनिट संपताच आरडाओरडा जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो.

वस्तूच्या मागासाठी दुसरा चित्रपट सुचवायचा तर सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांचा १९६६ सालचा ‘ब्लॅक गर्ल’ सुचवेन. तो जेमतेम तासाभराचा आहे आणि त्यात एका मुखवट्याचा प्रवास आहे. डाकारमध्ये एका फ्रेंच कुटुंबाकडे कामाला लागलेली दिउआना तो मुखवटा मालकांना आनंदाने भेट देते. तिथे त्यांच्याकडे असे आणखीही मुखवटे असतात. पुढे फ्रान्समधल्या आँतीबच्या घरात तोच मुखवटा पांढऱ्या भिंतीवर एकटा लटकताना दिसतो आणि दिउआनाही त्या घरात तितकीच एकटी, चार भिंतींत कोंडलेली मोलकरीण झालेली असते. ती तो मुखवटा भिंतीवरून काढून परत घेते, तेव्हा मालकिणीशी तिची अक्षरशः ओढाताण होते. तिच्या आत्महत्येनंतर मालक तिचे सामान घेऊन डाकारला जातो, आई त्याच्या हातचे पैसे नाकारते, आणि वस्तीतला एक लहान मुलगा तो मुखवटा चेहऱ्यावर चढवून त्याच्या मागोमाग चालू लागतो. मालक भराभर पावले टाकतो, मागे वळून पाहतो. मुलगा तेवढेच अंतर राखून येतच राहतो. शेवटी मुलगा मुखवटा खाली करतो आणि त्याचा उघडा चेहरा आपल्याकडे पाहतो. भेट, शोभेची वस्तू, हक्क आणि मग पाठलाग असे त्याच लाकडाचे चार अर्थ होतात आणि त्यासाठी एकही वाक्य खर्ची पडलेले नाही. सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगतो.

प्रसंग तंत्राने कसा साधला, याची माहिती सर्वांत शेवटी वाचावी. ती मनोरंजक असते, म्हणूनच आधी वाचली तर पाहण्यावर कुरघोडी करते. मिखाईल कालातोझोव यांच्या ‘आय अॅम क्यूबा’मध्ये (१९६४) एका विद्यार्थ्याच्या अंत्ययात्रेपासून निघालेला कॅमेरा इमारतीच्या उंचीने वर चढतो, सिगार वळणाऱ्या कामगारांच्या कारखान्यात शिरतो, कामगार खिडकीबाहेर झेंडा पसरतात त्या खिडकीतून बाहेर पडतो आणि गर्दीवरून हवेत तरंगत पुढे जातो, आणि यात एकही कट, म्हणजे चित्रणातली तोड, नाही. कॅमेरा हातोहात देऊन आणि मग तारेवर अडकवून हे साधले होते. ते वाचले की आपण तार शोधत बसतो. त्याआधी विचारायचा प्रश्न असा की कॅमेरा त्या शवपेटीपासून दूर का गेला? माझे उत्तर असे की मेलेला एक होता आणि त्याच्यासाठी उभे राहिलेले शहर मोजायचे होते. कट केला असता तर ते वेगवेगळे लोक झाले असते. तुमचे उत्तर वेगळे असू शकेल. ज्यां-लुक गोदार यांच्या ‘ब्रेथलेस’साठी (१९६०) छायालेखक राऊल कुतार यांना चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलत चित्रण केले, ही गोष्टही अशीच नंतर वाचण्याची आहे.

वहीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण चुका तिथे होतात. पानाचे दोन रकाने करावेत. डावीकडे फक्त दिसलेले आणि ऐकू आलेले लिहावे: किती मिनिटाला, चौकटीत कोण, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर की वर की खाली, हलतो की स्थिर, कोणता आवाज सुरू झाला, कोणता थांबला. ‘भयाण’, ‘काव्यात्म’, ‘हृदयस्पर्शी’ असली विशेषणे डाव्या रकान्यात येऊ देऊ नयेत. उजवीकडे मनात आलेले लिहावे, पण डाव्या रकान्यातल्या कोणत्या ओळीमुळे ते मनात आले, ते बाण काढून दाखवता आले पाहिजे. बाण काढता आला नाही तर ते मत खोडावे. बहुधा ते कुठेतरी वाचलेले असते. ‘नेकेड आयलंड’च्या माझ्या पानावर डावीकडे लिहिले आहे: ‘बादली उपडी. नवरा स्थिर. हात खाली.’ आणि ‘हात खाली’पासून निघालेला बाण तीन पाने मागे, थपडेच्या नोंदीपर्यंत जातो.

एकट्याने हे जमले की चारपाच जणांनी मिळून पाहावे. प्रत्येकाने आपले पान आधी लिहावे आणि चर्चा नंतर व्हावी, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचेच मत सगळ्यांचे होते. मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी सोडू नये. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ ही चित्रपट दाखवणारी रसिकांची संस्था काम करत आली आहे, म्हणजे आपल्याकडच्या या दोन्ही संस्था त्याच दशकातल्या आहेत. आणि परदेशी चित्रपटांनी बिचकायला होत असेल, तर सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’च्या (१९६४) सुरुवातीची काही मिनिटे या पद्धतीने पाहावीत. रिकाम्या दुपारी चारू छोटी दुर्बीण डोळ्यांना लावून एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे रस्त्यावरच्या माणसांचा पाठलाग करते. मग नवरा पुस्तकात डोके खुपसून तिच्या जवळून निघून जातो आणि ती त्याच्याकडेही त्याच दुर्बिणीतून पाहते. डावा रकाना भरता भरता उजवा आपोआप भरतो.

महिनाभराने, चित्रपट पुन्हा न पाहता, तो प्रसंग आठवणीतून एका पानावर लिहावा आणि मगच पुन्हा लावावा. ‘हाय अँड लो’विषयी मी असे लिहिले, तेव्हा गुलाबी धुराने पडदा भरून गेल्याचे मला स्पष्ट आठवत होते. प्रत्यक्षात तो रुंद करड्या चौकटीत वर जाणारा एक लहानसा झोत आहे. मी वहीत त्याची उंची पेन्सिलीने आखून ठेवली आहे. ती माझ्या करंगळीच्या नखाएवढी भरली.